बत्ती विझली, बिघाड तिथेच

एअरबॅगची बत्ती लागली तरी गाडी तशीच पळते. ॲव्हरेज पडत नाही, पिकअप कमी होत नाही, ब्रेकही नीट लागतात. त्यामुळे दुरुस्तीच्या यादीत ती कायम शेवटी ढकलली जाते आणि सर्व्हिसिंगला गाडी सोडताना मालक जाता जाता सांगतो, "ती बत्ती तेवढी घालवा." बत्ती घालवणं फार सोपं आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

ड्रायव्हरशेजारच्या सीटचंच घ्या. गादीत कुणी बसलंय का हे ओळखणारी सेन्सरची पातळ चटई, बकलमधला स्विच, पाठीच्या कडेला साइड एअरबॅग असेल तर तिची वायर, या सगळ्यांचे कपलर सीटखाली, पायाशी असतात. सीट पुढेमागे सरकवली की वायरिंग ओढलं जातं. छत्रीचं टोक, पाण्याची बाटली, व्हॅक्यूमचा पाइप त्यात अडकतो. पावसाळ्यात मॅटखाली मुरलेलं पाणी पिनांना गंज चढवतं. कव्हर चढवायला सीट बाहेर काढली आणि कपलर सुटे असताना कुणी इग्निशन चालू केलं, तर कंट्रोल युनिट तिथल्या तिथे बिघाड नोंदवून ठेवतं.

बत्ती कुठली हे आधी पाहावं. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ती चटई फक्त सीट बेल्टच्या पिपाणीसाठी असते. सीटवर जड पिशवी ठेवल्यावर पिपाणी वाजली, तर चटई आपलं काम चोख करतेय. एअरबॅगची बत्ती मात्र इग्निशन चालू केल्यावर काही सेकंद लागून विझली पाहिजे. ती लागूनच राहिली तर बिघाड आहे. मुळीच लागली नाही, तर संशय आणखी मोठा.

पुढचं काम स्कॅनरचं, पण इंजिनचेच कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे उपयोगाचा नाही. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा हवा. कोड आत्ताचा आहे की जुना, नोंदीत राहिलेला, हेही पाहायला हवं. मग बॅटरी सोडवून कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं, कारण युनिटमध्ये राखीव वीज शिल्लक असते. त्यानंतर कपलर उघडून पिना तपासायच्या. एअरबॅगला साधा मल्टिमीटर कधीही लावू नये, त्याच्या करंटनेही ती फुटू शकते. जाणकार मेकॅनिक तिच्या जागी साधारण दोन ओहमचा रेझिस्टर जोडतो. कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये, राहिला तर वायरिंगमध्ये किंवा युनिटमध्ये. इतकं झाल्याशिवाय "सेन्सर बदलावा लागेल" हे वाक्य ऐकून घेऊ नका.

सेन्सर खरोखर बिघडतातही. अमेरिकेत १९९०च्या दशकात पुढच्या सीटवरची लहान मुलं एअरबॅगच्याच तडाख्याने दगावली. त्यानंतरच्या नियमांमुळे तिथे २००३ ते २००६ या काळात वजन ओळखणाऱ्या सीट टप्प्याटप्प्याने आल्या: मूल असेल तर एअरबॅग बंद, मोठं माणूस असेल तर चालू. डिसेंबर २०२३मध्ये टोयोटाने तिथल्या सुमारे दहा लाख गाड्या परत बोलावल्या. सेन्सरमधल्या शॉर्ट सर्किटमुळे एअरबॅग न उघडण्याचा धोका होता. दोनच महिन्यांनी होंडाने सुमारे साडेसात लाख गाड्या बोलावल्या, तिथे धोका नेमका उलटा, नको तेव्हा उघडण्याचा. अशा सीटवर जाड फोमचं कव्हर चढवणं म्हणजे वजनकाट्याखाली खडा सरकवणं. सेन्सर बदलला, तर रिकाम्या सीटवर शून्य पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

आता तक्रारीकडे येतो. तपासणीला लागणारा तोच रेझिस्टर फसवणुकीलाही चालतो. अपघातात फुटलेली एअरबॅग न बदलता तिच्या जागी तो जोडून ठेवला की युनिटला सगळं ठीक वाटतं. बत्ती विझते, गाडी जुन्या बाजारात जाते. आणखी आळशी माणूस मीटरमधला दिवाच काढतो. बेल्ट न लावता पिपाणी गप्प करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळत होत्या. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या विक्रीतून काढून टाकायला लावाव्या लागल्या.

ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची १ एप्रिल २०२१ पासून, आधी नव्या मॉडेलांना, सक्तीची झाली. पण हा कायदा शोरूमच्या दारापर्यंतच येतो. पुढे गाडीचा धूर दरवर्षी पीयूसीत तपासला जातो, एअरबॅगची बत्ती मात्र कुणीच पाहत नाही. खासगी गाडीला फिटनेसची गाठ पडते ती थेट पंधरा वर्षांनी. ब्रिटनमध्ये तीन वर्षं जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि एअरबॅगची बत्ती बिघाड दाखवत असेल तर गाडी नापास होते.

आपल्याकडे लगेच तेवढं नको. पीयूसी काढताना इग्निशन चालू करून बत्ती लागते आणि विझते की नाही, एवढं पाहून कागदावर नोंदवायला काही सेकंद पुरतात. गाडीची मालकी बदलताना कंट्रोल युनिटचा स्कॅन रिपोर्ट जोडणं सक्तीचं करावं. रेझिस्टरची लबाडी त्यात कदाचित सुटेल, पण काढलेला दिवा आणि दुर्लक्षित कोड सुटणार नाहीत. तोवर जुनी गाडी घेताना हे दोन्ही स्वतः मागून घ्या, आणि विकणारा टाळाटाळ करू लागला तर तो सौदा सोडून द्या.