पडदा डोळ्याचा, इशारा हृदयाचा

मधुमेही माणूस नेत्रतज्ज्ञाकडे जातो तो बहुधा चष्म्याचा नंबर वाढला म्हणून. थेंब घालून बाहुली मोठी केली की पडद्यावर फुगलेल्या केशवाहिन्या आणि रक्ताचे ठिपके दिसतात. लेझर किंवा इंजेक्शनची तारीख मिळते. हृदयाचे काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारायला हवे. अमेरिकेतील ‘ॲरिक’ या दीर्घकालीन पाहणीत पडदा बिघडलेल्या मधुमेहींना हृदयविकाराचा धोका इतर मधुमेहींच्या सुमारे दुप्पट आढळला. तोही रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरून. पडदा हृदय बिघडवतो, असा याचा अर्थ नव्हे. वाढलेली साखर आणि रक्तदाब शरीरभरच्या रक्तवाहिन्या पोखरत असतात. चिरफाड न करता ती पडझड दिसते ती डोळ्यात.

उपायही सामाईक आहेत. ब्रिटनमधील मधुमेहविषयक मोठ्या अभ्यासाने 1998 मध्ये दाखवले की, रक्तदाब काटेकोर आवरला तर पडद्याचा बिघाड वाढण्याचे प्रमाण 34 टक्क्यांनी आणि पक्षाघाताचे 44 टक्क्यांनी घटते. उलट, डोळ्यात रक्त उतरले म्हणून हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन परस्पर बंद करणारे रुग्ण आहेत. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत रोज 650 मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊनही डोळ्यातला रक्तस्राव वाढला नव्हता. गोळी थांबवायची की नाही, हे ठरवणे डॉक्टरांचे काम.

देशात मधुमेही दहा कोटींच्या घरात आहेत, असे आयसीएमआरच्या पाहणीचा 2023 मधील अहवाल सांगतो. तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सरकारी मोहीम आहे. अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम तर 1976 पासून आहे. दोन्ही आपापल्या फायलीत सुखी! साखरेची गोळी घेणाऱ्याच्या पडद्याचा फोटो ग्रामीण रुग्णालयातच निघावा, त्यासाठी कॅमेरा आणि तो हाताळणारा तंत्रज्ञ द्यावा. फोटोचा निष्कर्ष साखर-रक्तदाबाच्याच कार्डावर नोंदवला जावा. पडद्यात दोष आढळलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची तपासणी व्हावी, गरजेप्रमाणे ईसीजीही निघावा.

आणि मधुमेही वाचकांनी स्पष्ट दिसते म्हणून थांबू नये. पडद्याचा आजार सुरुवातीला नजरेला कळत नाही. टाइप-2 मधुमेहाचे निदान झाले की लगेच, आणि पुढे बहुतेकांनी दरवर्षी पडदा तपासून घ्यावा. तो अहवाल हृदयाच्या डॉक्टरांपुढेही ठेवावा.