परीक्षा शुल्क माफ, खाणावळीचे काय?

दुष्काळ जाहीर झाला की शासकीय सवलतींच्या यादीत एक ओळ ठरलेली असते: विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत सोयगाव तालुकाही होता. या तालुक्यातील फर्दापूरपासून विद्यापीठ सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. कपाशी हातची गेली की अशा गावातील घराला पहिली चिंता पडते ती खोलीभाड्याची आणि खाणावळीच्या पैशांची. परीक्षा शुल्क सत्राला एकदा भरावयाचे असते; भूक रोजची असते. पैशांअभावी दिवाळीनंतर जो शहरात परतलाच नाही, त्याला परीक्षा शुल्काची माफी काय कामाची? मुलींच्या बाबतीत तर शिक्षण थांबले की लग्नाची बोलणी सुरू होतात आणि पुढील पावसाळा चांगला झाला तरी ते दार पुन्हा उघडत नाही.

हा प्रश्न जगात प्रथम आपल्यापुढेच उभा राहिला असे नाही. १९२९ च्या महामंदीनंतर अमेरिकेत १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला आणि हजारो विद्यार्थ्यांवर महाविद्यालय सोडण्याची पाळी आली. तेथील सरकारने प्रथम १९३४ मध्ये आणि पुढे १९३५ पासून राष्ट्रीय युवक प्रशासनामार्फत विद्यार्थ्यांना काम दिले. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, पाहणीवर काम करावे आणि महिन्याला साधारण १५ डॉलर मिळवावेत, अशी ती योजना होती. ती ना भिक्षा होती, ना कर्ज.

त्या काळात प्राध्यापकही वर्गाच्या चार भिंतींत बसून राहिले नाहीत. कोलंबिया विद्यापीठाचे मोली, टगवेल आणि बर्ल हे रूझवेल्ट यांचे सल्लागार झाले. विस्कॉन्सिनचे अर्थशास्त्रज्ञ एडविन विट यांनी १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या घडणीत मोलाची कामगिरी बजावली. त्याच कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने दुष्काळ हा आपल्या अभ्यासाचा आणि कर्तव्याचा विषय मानावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

अमेरिकेचे सर्वच अनुकरणीय आहे असे मात्र मुळीच नाही. २००९ च्या मंदीत कॅलिफोर्निया विद्यापीठाने शुल्क ३२ टक्क्यांनी वाढविण्याचा निर्णय घेतला. आज तेथील शैक्षणिक कर्जाचा बोजा दीड लाख कोटी डॉलरांहून अधिक आहे. संकटाचा भार तरुणांच्या डोक्यावर कर्जरूपाने टाकला की काय होते, याचा तो धडाच आहे.

आपल्याला तर परदेशाकडे पाहण्याचीही फारशी गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रमातून शिक्षणाची वाट दाखविली. ‘कमवा आणि शिका’ योजना विद्यापीठांच्या परिचयाची आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी महाराष्ट्राने राज्यभर अमलात आणली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाने तो मार्ग स्वीकारला. मागेल त्याला काम, हे तत्त्व आपण मजुराच्या बाबतीत मान्य केले. मग त्याच मजुराच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना ते का लागू नसावे?

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. परंतु अर्धवट राहिलेल्या शिक्षणाची किंमत समाज मोजतच असतो, ती केवळ अंदाजपत्रकात दिसत नाही. कामांनाही तोटा नाही. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, स्थलांतरित कुटुंबांची पाहणी, गावच्या शाळेतील मागे पडलेल्या मुलांची शिकवणी ही खरी कामे आहेत. त्यांना रास्त मोबदला हवा आणि तो दरमहा वेळेवर हवा. स्वस्तात आवार झाडून घेणे म्हणजे स्वावलंबन नव्हे.

म्हणून दुष्काळाच्या आदेशात शुल्कमाफीच्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी: दुष्काळग्रस्त तालुक्यातील जो विद्यार्थी काम मागेल, त्याला सत्र संपेपर्यंत काम आणि दोन वेळचे जेवण मिळेल. ती ओळ पुढचा दुष्काळ येण्यापूर्वी लिहिली जावी.