कार्बुरेटरचा गळा आणि आरशाचा आग्रह

उल्हासनगरच्या कॅम्पांतील गॅरेजांत, तसेच अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींच्या कडेने बसलेल्या लेथच्या दुकानांत, शर्यतीच्या मोटारसायकलीचा कार्बुरेटर तयार करावयाचा म्हटले की पहिला हुकूम बहुधा ठरलेला असतो : आतला गळा आरशासारखा चकाकवून द्या. या हुकुमामागील पूर्वपक्ष ऐकावयास मोठा सरळ आहे. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी, घर्षण कमी तितकी हवा जास्त, आणि हवा जास्त तितकी शक्ती जास्त. या साखळीची पहिली कडीच कच्ची आहे, आणि तिच्यापायी होतकरू मिस्त्र्यांचे कष्ट व स्वारांचा पैसा व्यर्थ जात असल्यामुळे तिची तपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

भिंतीलगत वाहणाऱ्या हवेचा एक मंद थर असतो, हा सिद्धांत प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 साली मांडला. आणि त्याचाच सहकारी निकुराडसे याने नळ्यांच्या आत वाळूचे कण चिकटवून जे प्रयोग केले व 1933 साली प्रसिद्ध केले, त्यांवरून असे निर्विवाद ठरले की खडबडीतपणाची उंची त्या थराच्या अगदी तळच्या, चिकट पदराखाली दडलेली असेल, तर प्रवाह तिची दखलच घेत नाही. आता आपल्या गळ्याचा हिशेब मांडू. व्यास 24 मिलिमीटर आणि हवेचा वेग सेकंदाला 100 मीटर धरला, तर हा तळचा पदर सुमारे 15 मायक्रॉन जाडीचा येतो. साच्यात दाबाने ओतलेल्या कार्बुरेटरच्या अंगाचा सरासरी खडबडीतपणा सामान्यतः काही थोड्या मायक्रॉनांचाच असतो. म्हणजे कारखान्यातून निघतानाच तो हवेच्या दृष्टीने गुळगुळीत असतो. पॉलिश पेपरने त्यावर आणलेली झळाळी डोळ्याला दिसते, हवेला दिसत नाही. शिवाय पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या पुढच्या भागात भिंतीवर पेट्रोलचा ओला पापुद्रा पसरलेला असतो, तेव्हा तेथील चकाकी पेट्रोलखालीच गाडली जाते.

यावर प्रतिपक्षाची हमखास कैफियत अशी की, पॉलिश केल्यावर गाडी खरोखरच वेगळी धावते, हा आमचा अनुभव आहे. अनुभव मला मंजूर आहे. त्याचा लावलेला अर्थ मंजूर नाही. घासताना धातू निघतो. गळा 24 चा 24.4 मिलिमीटर झाला की क्षेत्रफळ तीन टक्क्यांहून अधिक वाढते, तितक्याच हवेला वेग कमी पडतो, आणि जेटवरील ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती सहा टक्क्यांच्या वर घटते. पेट्रोल कमी ओढले जाते. मिश्रण आधी रिच असेल तर इंजिन मोकळे होते, नसेल तर लीन होऊन अडखळते आणि मिस्त्री मोठा जेट टाकतो. बदल घडला तो व्यासाने व जेटने, श्रेय मात्र लाटले झळाळीने! हवेची वाट उघडझाप करणाऱ्या स्लाइडच्या वाटेवरही कागद फिरला असेल, तर तेथील फट वाढून आयडलिंग बिघडते ते निराळेच.

अलीकडे याच्या नेमका उलट असा एक पक्ष निघाला आहे, तो गोल्फच्या चेंडूचा दाखला देऊन गळ्यात खळगे पाडावयास सांगतो. चेंडूवरील खळग्यांमुळे त्याच्यामागची भोवऱ्यांची शेपटी अरुंद होते, हे खरे. पण नळीच्या सरळ भिंतीमागे तशी शेपटीच नसते, आणि चिकट पदराहून खोल खळगे तेथे केवळ घर्षण वाढवितात.

मग हात कोठे घालावा? प्रवेशमुखाशी. 80 मिलिमीटर लांबीच्या अशा गळ्यात भिंतीच्या घर्षणाने जाणारा दाब गतिजन्य दाबाच्या अवघा विसावा हिस्सा असतो. उलट धारदार कडेच्या मुखाशी निम्मा गतिजन्य दाब वाया जातो, आणि तीच कड व्यासाच्या 15 टक्के, म्हणजे साडेतीन मिलिमीटरहून थोड्या अधिक त्रिज्येने वळविली की हे नुकसान चार-पाच टक्क्यांवर येते. त्यानंतर कार्बुरेटर, गॅस्केट आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यांतील पायऱ्या जुळवाव्यात. वाळूच्या साच्यात ओतलेल्या मॅनिफोल्डमधील गाठी व ओतीव धारा मात्र अवश्य काढाव्यात, कारण त्या मायक्रॉनांच्या हिशेबातल्या नसतात. एवढे झाल्यावर कटरने ठेवलेली बारीक खूण तशीच राहिली तरी काही बिघडत नाही.

ज्या अंबरनाथात मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना उभा आहे, त्या परिसराला मोजमापाची विद्या परकी नाही. तेव्हा स्वारांनी चकाकीचे पैसे देण्याचे थांबवावे; मुखाची त्रिज्या व सांध्याची पायरी गेज लावून मोजून मागावी, आणि गळ्याचा व्यास कामापूर्वी किती होता व नंतर किती झाला, हे मिस्त्र्याकडून बिलावर लिहून घ्यावे.