कुलूप न तोडणारा चोर

मुलामुलींनो,

अंधेरी पूर्वेला आमचं मरोळ आहे. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईबाबा जवळच्या सीप्झमध्ये कामाला जातात. १९७३ साली सुरू झालेला हा औद्योगिक भाग. तिथे संगणकाचं काम चालतं आणि सोन्या-हिऱ्यांचे दागिनेही घडतात. त्यामुळे फाटकावर पहारा कडक! पास दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही.

आता सांगा बघू, अशा पहाऱ्यातून कुणाला काही चोरून न्यायचं असेल, तर तो ते कुठे लपवेल? वर्गात हा प्रश्न टाकला की उत्तरांचा पाऊस पडतो. डब्यात! चपलेत! छत्रीच्या दांड्यात! पण एक जागा चटकन कुणाला सुचत नाही. ती म्हणजे डोकं!

पुण्यात २००५ साली असंच घडलं. एम्फसिस नावाच्या कंपनीचं तिथे कॉल सेंटर होतं. अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या ग्राहकांना काही अडचण आली, की ते फोन करायचे आणि पुण्यातली माणसं त्यांना मदत करायची. कामावर येताजाता कर्मचाऱ्यांची तपासणी व्हायची, म्हणजे कुणाचे आकडे कागदावर लिहून बाहेर नेता येऊ नयेत. तरीही आकडे बाहेर गेलेच. काहींनी ते पाठ करून डोक्यातून नेले, असं तेव्हा सांगितलं गेलं.

पण गंमत पुढेच आहे. ग्राहकांचे गुप्त आकडे, म्हणजे पिन, त्या लोकांना मिळाले कसे? त्यांनी संगणकाचं कुलूप तोडलं का? छे! ग्राहकांशी गोड बोलून, त्यांचा विश्वास मिळवून त्यांनी ते चक्क मागून घेतले. मग त्या खात्यांमधून सुमारे साडेतीन लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण दीड कोटी रुपये, पुण्यातल्या खात्यांमध्ये वळवले गेले. ग्राहकांना पैसे कमी झालेले दिसले, बँकेने तक्रार केली आणि पुणे पोलिसांनी त्या मंडळींना पकडलं.

या गोष्टीला आता वीस वर्षं उलटून गेली. तेव्हा सायबर कॅफेत जावं लागायचं, आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे. पण चोराची रीत तीच राहिली आहे. तो कुलूप तोडत बसत नाही. तो किल्ली मागतो, आणि आपण ती देतो.

तुम्ही म्हणाल, "बाई, आमच्याकडे कुठले आलेत डॉलर?" खरंय. पण जरा आपल्या घरात बघा. आजीच्या फोनवर मेसेज आला की आजी कुणाला हाक मारते? "अरे बाळा, बघ रे काय आलंय, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." आणि तुम्ही धावत जाऊन मोठ्याने वाचून दाखवता. म्हणजे घराच्या तिजोरीचे पहारेकरी तुम्हीच की! आजी फोनवर कुणाशी तरी बोलते आहे आणि तुम्ही शेजारून ओटीपी वाचून दाखवता आहात, एवढंच चोराला हवं असतं.

थोडं गणित करू या. ओटीपी बहुधा सहा आकडी असतो. ००००००पासून ९९९९९९पर्यंत एकूण दहा लाख आकडे होतात. त्यातला नेमका एक, तोही थोड्या मिनिटांत, अंदाजाने ओळखायचा म्हणजे महाकठीण काम. म्हणून चोर फोन करून विचारतो. आणि विचारताना आपल्याला घाई लावतो, नाहीतर घाबरवतो. "आज रात्री तुमची वीज तोडणार", "तुमचं खातं बंद होणार", नाहीतर "अभिनंदन! तुला खेळातली हजार नाणी फुकट मिळाली!" अशा वेळी सरळ फोन ठेवून द्यावा. बँकेचा खरा माणूस ओटीपी किंवा पिन कधीही विचारत नाही.

यूपीआयचं एक सूत्र तर पाढ्यासारखं पाठ करा : पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही. "मी तुला पैसे पाठवतो, तू फक्त पिन टाक," असं कुणी म्हणालं, की समजायचं, हा पैसे काढून नेणार!

आता फोटोंकडे वळू. वाढदिवसाचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला. त्यात गणवेशावर शाळेचा बिल्ला आहे, मागे इमारतीचं नाव आहे, केकवर वय आहे. खाली मैत्रिणीने लिहिलं, "उद्या साडेपाचला क्लासला भेटू." एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण तुम्ही चित्रकोडं जुळवता ना, तसे हे तुकडे जुळवले, तर अनोळखी माणसाला तुमचं नाव, वय, घर, शाळा आणि घराबाहेर पडायची वेळ, सगळं कळलं की नाही? म्हणून फोटो टाकण्याआधी त्यातला चेहरा सोडून बाकीचं काय काय दिसतंय, ते पाहायचं.

पासवर्डचंही तसंच. चार आकड्यांचे दहा हजार पिन होऊ शकतात. पण तुम्ही वाढदिवसाची तारीख आणि महिना ठेवलात, तर शक्यता उरतात फक्त ३६६. आणि ज्याने केकचा फोटो पाहिला, त्याच्यासाठी फक्त एक! त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द जोडून पासवर्ड करा. लांबही होतो आणि लक्षातही राहतो.

काही मुलं विचारतात, "बाई, पण गुपितं ठेवणं वाईट ना?" नाही रे! खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो तुमचाही आहे. म्हणून मैत्रिणीचा फोटोसुद्धा तिला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, बरं का! पण जे गुपित ठेवायला दुसराच कुणी सांगतो, "हे आईबाबांना सांगू नकोस हं," ते गुपित अजिबात ठेवायचं नाही. ते ऐकल्याबरोबर उठायचं आणि घरात सांगायचं.

आता दोन शब्द पालकांसाठी. मूल फसलं, तर बहुतेक वेळा त्याला चोरापेक्षा तुमची भीती जास्त वाटते. "तरी तुला सांगत होते, फोन घेऊ नकोस!" हे ऐकावं लागेल म्हणून ते गप्प बसतं, आणि तेवढा वेळ चोराला मिळतो. गेलेले पैसे या खात्यातून त्या खात्यात झपाट्याने फिरतात. पहिल्या तासाभरात कळवलं, तर ते वाटेतच गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून आधी १९३० या क्रमांकावर फोन, मग बँकेला फोन, आणि रागवायचंच असेल तर ते दुसऱ्या दिवशी! प्रकरण पैशांचं नसून कुणी फोटोवरून धमकावत असेल, तर मेसेज पुसू नका, तो पुरावा असतो. तो घेऊन पोलिसांकडे जा. मुलांना स्वतः मदत मागायची असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. एका कागदावर १९३० आणि १०९८ हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहा आणि आजीच्या पलंगाजवळ चिकटवा. मग आजीला विचारा, "आजी, कुणी ओटीपी मागितला तर काय करशील?" तिचं उत्तर मला नक्की कळवा. आणि हो, तुमचे पासवर्ड मात्र मला कळवू नका हं!

तुमच्या,
बाई