गाडीला नंबर आहे, कॅरियरला का नाही?

मोटारीच्या डिकीवर किंवा टपावर सायकल कॅरियर बांधून पाटणादेवीला, सातपुड्यातल्या पालला किंवा लळिंगच्या पायथ्याला जाणारी मंडळी जळगाव-धुळ्यात थोडी असली तरी आहेत. असा कॅरियर रात्रीतून गेला की पहिला प्रश्न मालकालाच विचारला जातो: कुलूप का नव्हते लावले? पिकअपची स्टेपनी गेली तरी तोच प्रश्न, रिक्षाची बॅटरी गेली तरी तोच. विचारणाऱ्याच्या मनात पक्के बसलेले असते की चोरी निष्काळजीपणामुळे होते आणि भक्कम कुलूप लावले की विषय संपला. ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे सगळ्यांचे डोळे मालकावर खिळतात आणि चोरीचा माल विकत घेणाऱ्याकडे कोणी पाहतच नाही. कुलपाने चोराचा वेळ वाढतो, एवढेच. चोरीचा धंदा मोडतो तो माल विकता येईनासा झाल्यावर. आज तो बिनदिक्कत विकता येतो, कारण मोटारीला नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक अशा तीन-तीन खुणा असताना तिच्यावर आवळलेल्या नगाला ओळख म्हणून काहीच नसते.

आधी कुलपाचेच पाहू. डिकीवर पट्ट्यांनी ताणून बसवायच्या कॅरियरचे आकडे डिकीच्या पत्र्याच्या कडेत अडकवलेले असतात आणि नायलॉनचे पट्टे बकलातून ओढून घट्ट केलेले असतात. कटरची धार लागली की पट्टा क्षणात तुटतो. पट्टा तुटला म्हणून मालाची किंमतही फारशी उतरत नाही, कारण तसले पट्टे नवे मिळतात. टपावरचा कॅरियर आडव्या दांड्यांना क्लॅम्पने धरलेला असतो. ते क्लॅम्प हाताने फिरवायच्या मुठीने नाही तर अ‍ॅलन कीने सुटतात, आणि अ‍ॅलन की ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. म्हणून जे करता येईल ते जरूर करावे. वापर नसेल तेव्हा कॅरियर उतरवून घरात ठेवावा, यापेक्षा चांगला उपाय नाही. प्रत्येक क्लॅम्पचा एक तरी बोल्ट साध्या पान्याने न फिरणाऱ्या खास डोक्याचा घालावा. अ‍ॅलनच्या खाचेत बेअरिंगची गोळी चिकटवून ती बुजवण्याची सायकलवाल्यांची युक्तीही चांगली आहे. पण जळगावच्या फुले मार्केट किंवा गोलाणी मार्केटच्या गर्दीत तासभर गाडी लावायची, म्हणून कोणी टपावरचा कॅरियर उतरवून हातात घेऊन फिरणार नाही. शिवाय माझे कुलूप भक्कम निघाले तर चोर शेजारच्या गाडीकडे वळतो. माझे नुकसान वाचते, शहरातली चोरी तेवढीच राहते. कुलपाची ही मर्यादा मान्य केली नाही, तर पुढचा विचार सुरूच होत नाही.

पुढचा विचार असा, की ज्या वस्तूला क्रमांक मिळाला ती पचवणे चोराला जड गेले आहे. मोबाइलचे उदाहरण ताजे आहे. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टल देशभर खुले झाले. चोरीला गेलेल्या हँडसेटचा १५ आकडी आयएमईआय तिथे कळवला की तो कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर बंद पाडता येतो, आणि कोणी त्यात सिम घातले तर त्याचा मागही लागतो. दुसरे उदाहरण जळगावच्या सराफ बाजारातलेच आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. हा क्रमांक मालकाचे नाव सांगत नाही, शुद्धतेची आणि विक्रीची साखळी सांगतो, हा फरक मला मान्य आहे. पण ज्या सुवर्णनगरीत बोटभर अंगठीच्या आतल्या बाजूला लेसरने न पुसणारा क्रमांक कोरला जातो, तिथे हातभर लांबीच्या कॅरियरवर तो कोरणे अवघड आहे असे कोणी म्हणू नये. यंत्र आहे, कारागीर आहे, आणि काम काही मिनिटांचे आहे.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा येतो: दुचाकीला चासी क्रमांक असतोच, तरीही खानदेशात दुचाकीचोऱ्यांच्या बातम्या थांबत नाहीत, मग क्रमांकाने काय साधले? या आक्षेपाला बगल देता येणार नाही. पण स्थानिक गुन्हे शाखेने एखादी टोळी पकडून एका दमात अनेक दुचाकी जप्त केल्या, की त्या मूळ मालकांना परत कशाच्या आधारे मिळतात? चासी आणि इंजिनवरच्या क्रमांकाच्याच. गाडी अख्खी सापडली तर ती मालकाला मिळते. जी सुटी करून विकली गेली ती मिळत नाही, कारण टाकी, चाके, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॅटरी यांवर मालकापर्यंत नेणारे काही नसते. गाडी कापण्यात चोराचा फायदा आहे तो यामुळेच. म्हणजे हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडत नाही, क्रमांक कुठे कमी पडतो ते दाखवतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वाहनांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवर सूक्ष्म ठिपक्यांची कायमची खूण लावण्याच्या नियमाचा मसुदा काढला होता, तो याच दिशेने होता. अमेरिकेत तर १९८४ च्या कायद्याने जास्त चोरीला जाणाऱ्या मोटारींच्या मुख्य भागांवर क्रमांक टाकणे उत्पादकांना बंधनकारक केले.

कायदा तोकडा आहे, अशीही तक्रार असते. मला उलट वाटते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १२४ असे, की चोरीचा असावा असे मानायला कारण असलेला माल ज्याच्याजवळ सापडेल, त्याने त्याचा समाधानकारक खुलासा केला पाहिजे. न केल्यास शिक्षा. कलम १२६ त्याहून उपयोगाचे आहे. जुन्या मालाचे व्यापारी, गहाणवटदार आणि धातुकाम करणारे यांना पोलिसांनी चोरीच्या मालाचे लेखी वर्णन दिले आणि तसा माल त्यांच्याकडे आला, तर ताबडतोब कळवणे त्यांना भाग आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि असल्या मालाचा सराईत व्यवहार करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. एवढी हत्यारे असताना ती गंजतात का? कारण वर्णन देणार कसले? 'काळ्या रंगाचा, दोन सायकलींचा, वापरलेला कॅरियर' या वर्णनात शंभर कॅरियर बसतात. दुकानदार खुशाल म्हणेल की हा तो नव्हे, आणि न्यायालयात त्याचे म्हणणे टिकेल. वर्णनात एक क्रमांक आला की कलम १२६ जिवंत होते.

इथेच मालकांच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कॅरियर घेतला की बिल फेकून देतात, आणि चोरी झाली की 'गहाळ' म्हणून अर्ज देऊन मोकळे होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांमध्ये याची किंमत मोजावी लागते. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, तर साधी चोरी हा अदखलपात्र गुन्हा ठरतो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. किमतीचा कागद नसेल तर त्याच रेषेखाली ढकलले जाण्याचा धोका मालक स्वतःहून पत्करतो. याउलट माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या साधनातून वस्तू चोरण्याला न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाहेरून बसवलेला कॅरियर 'साधनातून' चोरला असे म्हणता येईल का, खासगी मोटार यात येते का, यावर वकील वाद घालतील. पण रावेर-यावलची केळी वाहणाऱ्या पिकअपच्या स्टेपनीबाबत तक्रारदाराने हे कलम आग्रहाने मांडलेच पाहिजे. विम्याचा भरवसाही लोक समजतात तेवढा नाही. दुचाकीच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत गाडी जागेवर राहून नुसत्या अ‍ॅक्सेसरीज गेल्या तर भरपाई मिळत नाही. मोटारीला बाहेरून बसवलेल्या वस्तूंची किंमत पॉलिसीत आधी दाखवावी लागते. आणि दावा केला की २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस जातो. एका कॅरियरसाठी तो घालवणे बहुतेकांना परवडत नाही.

सीसीटीव्हीवर विसंबणाऱ्यांना खानदेशाचा उन्हाळा आठवावा. पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात, आणि जे बाहेर असतात ते तोंडाला रुमाल, डोक्याला उपरणे गुंडाळूनच असतात. चेहरा झाकलेला माणूस इथे संशयित ठरू शकत नाही. तो ऊन टाळणारा कोणीही असतो. चित्रीकरणात गाडीजवळ कोणीतरी वाकलेला दिसतो, आणि तिथेच तपास थांबतो. कॅमेरा शहराच्या वेशीवर संपतो, माल मात्र संपत नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एका बाजूने पळासनेर ओलांडले की सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश. दुसऱ्या बाजूने नवापूर सोडले की गुजरात. सकाळी आग्रा रोडवरून सुटलेला कॅरियर संध्याकाळी परराज्यातल्या बाजारात असू शकतो. त्याच्याबरोबर एवढा प्रवास करू शकेल असा पुरावा एकच, त्याच्या अंगावर कोरलेला क्रमांक.

भंगारवाले, गॅरेजवाले आणि छोटे फिटर यांना याचा जाच होईल, हा आक्षेप मात्र मी सर्वांत गांभीर्याने घेतो. पोटासाठी जुना माल घेणाऱ्या माणसाच्या दारात रोज पोलीस उभा राहावा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण आजची स्थिती त्याला जास्त जाचक आहे. वस्तूला ओळख नसली की संशय माणसावर जातो, आणि तो नेहमी ठरावीक माणसांवरच जातो. या भूमीला हे नवे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्माने चोरीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा गेला तरी शिक्का मनांतून पुरता गेलेला नाही. चोरी झाली की वस्तीवर जाऊन चार पोरांना उचलून आणायचे, ही पद्धत पुराव्याच्या दुष्काळातून आली आहे. संशयाला वस्तूकडे वळवणारी कोणतीही व्यवस्था गरिबाच्या बाजूची आहे. दुकानदाराचेही तसेच. कलम ३१७ लागते ते माल चोरीचा आहे हे माहीत असलेल्याला किंवा तसे मानायला कारण असलेल्याला. विकणाऱ्याचे नाव, मोबाइल, गाडीचा नंबर आणि नगावरचा क्रमांक लिहिलेली एक वही त्याच्याकडे असेल, तर त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला दुसरे काही लागत नाही.

वहीने खरेच फरक पडतो का, याचा अनुभव इंग्लंडचा घ्यावा. तिथे तांब्याच्या तारांपासून गटारांच्या झाकणांपर्यंत धातूची लूट चालली होती. डिसेंबर २०१२ पासून भंगाराचे पैसे रोखीने देण्यावर बंदी आली, आणि २०१३ च्या भंगार व्यापारी कायद्याने परवाना आणि विकणाऱ्याची ओळख तपासणे सक्तीचे झाले. त्यानंतर धातूच्या चोऱ्या बऱ्याच उतरल्या. त्यात धातूंचे भाव पडल्याचाही हात होता, आणि पुढे मौल्यवान धातू महागताच मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या चोऱ्या उसळल्या, हेही खरे. म्हणजे नोंद हा रामबाण नव्हे. पण चोरी भावाच्या मागे धावते एवढे त्यातून नक्की कळते. बॅटरीला हे तंतोतंत लागू पडते. तिच्यातले शिसे वितळले की कोणताच क्रमांक उरत नाही, म्हणून तिथे नोंद वितळण्याआधी, खरेदीच्या काट्यावर झाली पाहिजे. सायकल कॅरियर हा मूठभर हौशी लोकांचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. ज्या वाटेने कॅरियर जातो त्याच वाटेने रिक्षावाल्याची बॅटरी जाते, आणि बॅटरी गेली की त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो.

राहिला शेवटचा आक्षेप: क्रमांक घासून काढता येतो. येतो. पण घासल्याची खूण राहते. रंगवलेल्या किंवा अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ग्राइंडर फिरला की आतला पांढरा धातू उघडा पडतो, आणि तो डाग झाकायला पुन्हा रंगाचा खर्च. असा घासलेला नग हातात घेऊन कलम १२४ चा समाधानकारक खुलासा करणे कोणालाही कठीण जाईल. म्हणून गाडीचा नोंदणी क्रमांक, एमएच-१९ असो की एमएच-१८, एकाच जागी न कोरता तीन जागी कोरावा: वरच्या दांडीवर उघडपणे, तळपट्टीच्या खालच्या बाजूला आणि क्लॅम्पच्या आत. गाडी विकली आणि कॅरियर ठेवून घेतला तर नवा क्रमांक जुन्याशेजारी कोरावा, जुना खोडू नये. तिन्ही खुणांचे फोटो आणि बिल मोबाइलमध्ये जपून ठेवावे. सायकलच्या दुकानदारांनी विक्रीच्या वेळीच हे कोरून द्यावे आणि बिलावर लिहावे. पोलिसांनी अशा क्रमांकांची यादी कलम १२६ खाली दर महिन्याला जिल्ह्यातल्या भंगार आणि जुन्या मालाच्या दुकानांना लेखी द्यावी, आणि तिची एक प्रत हिंदीत सेंधव्याला, एक गुजरातीत नवापूरपलीकडच्या ठाण्यांना पाठवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.