वाळवंटावरची उड्डाणे आणि उन्हाळ्याची सुट्टी

लाउडन काउंटीच्या शाळा जूनच्या मध्याला बंद होतात आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडतात. अ‍ॅशबर्नमधील अनेक मराठी घरांत याच काळात पुण्या-नागपुराहून आईवडील आलेले असतात, मुले मोकळी असतात आणि नोकरदारांच्या रजा जुळतात. मग डलसहून लास व्हेगास गाठून ग्रँड कॅन्यन पाहण्याचा बेत ठरतो. दरीतल्या पायवाटा उतरणे वडीलधाऱ्यांना झेपणार नाही, म्हणून हेलिकॉप्टरची तिकिटे काढली जातात. बेतात वावगे काही नाही. मात्र हा हंगाम शाळेच्या वेळापत्रकाने ठरवलेला असतो, आणि वाळवंटात उडण्यासाठी तो वर्षातला सर्वांत कठीण काळ असतो.

७ जुलै २०२४ रोजी लास व्हेगासमध्ये पारा १२० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ ४९ अंश सेल्सिअसवर गेला. तापलेली हवा विरळ होते; तिच्यात पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. कॅन्यनच्या दक्षिण कड्याजवळील तुसायनचा विमानतळ मुळातच ६,६०० फुटांवर आहे, त्यामुळे तेथे उन्हाळ्याच्या दुपारी यंत्राला आणखी उंचावर उडत असल्यासारखे कष्ट पडतात. त्यात कड्यांवरून उठणारे हवेचे झोत आणि जुलैपासून मान्सूनची गडगडाटी वादळे. (अ‍ॅरिझोनालाही मान्सून असतो, हे ऐकून मराठी पाहुण्यांना गंमत वाटते.) काउंटरवर प्रत्येकाचे वजन घेऊन त्यानुसार जागा ठरवल्या जातात, त्यामागे हाच हिशेब असतो. आजीला नातवाशेजारी बसू दिले नाही म्हणून तेथे वाद घालण्यात अर्थ नाही.

उष्मा टाळला म्हणजे धोका टळला, असेही नाही. १० फेब्रुवारी २०१८ रोजी, ऐन थंडीत, नेव्हाडातील बोल्डर सिटीहून निघालेले पॅपिलॉन कंपनीचे ईसी-१३० हेलिकॉप्टर कॅन्यनच्या पश्चिम भागात उतरण्याच्या बेतात असताना कोसळले. मागून येणारा वारा आणि दरीतील खळबळीत वैमानिकाचा यंत्राच्या दिशेवरील ताबा सुटला. सहा ब्रिटिश प्रवाशांपैकी पाच जण दगावले. त्यांतील दोघांचा मृत्यू नंतर रुग्णालयात झाला. कोसळल्यावर इंधन पेटले होते आणि त्या हेलिकॉप्टरला आघात सोसणारी इंधनटाकी नव्हती. एका मृताच्या आईवडिलांनी कंपनी आणि निर्माता एअरबस यांच्यावर दावा लावला. आपला मुलगा आघाताने नव्हे, आगीने गेला, हे त्यांचे म्हणणे होते. २०२४ मध्ये हा दावा १० कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

अशी टाकी तेव्हा अज्ञात नव्हती. अमेरिकी सैन्याने व्हिएतनाम युद्धाच्या काळातच तिचा अवलंब केला होता. नागरी हेलिकॉप्टरांसाठी नियम १९९४ मध्ये झाला, पण तो फक्त त्यानंतर नव्याने प्रमाणित होणाऱ्या आराखड्यांना लागू होता. जुन्या आराखड्याची हेलिकॉप्टरे कारखान्यातून जुन्याच टाक्यांसह बाहेर पडत राहिली. ही पळवाट २०१८ च्या कायद्याने बंद केली, तीही अर्धीच. एप्रिल २०२० नंतर बांधलेल्या प्रत्येक हेलिकॉप्टरला ही टाकी सक्तीची आहे. आधीपासून सेवेत असलेल्यांना ती बसवण्याची सक्ती नाही. काही कंपन्यांनी स्वतःहून टाक्या बदलल्या. प्रवाशाला मात्र बाहेरून दोन हेलिकॉप्टरांत फरक दिसत नाही, आणि तिकिटाच्या दरावरून तो ओळखताही येत नाही.

कॅन्यनचे हवाई नियम असेच मृत्यूंच्या मागोमाग आले आहेत. १८ जून १९८६ रोजी पर्यटकांना फिरवणारे एक विमान आणि एक हेलिकॉप्टर तेथे एकमेकांवर आदळले व २५ जण ठार झाले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि उद्यानाच्या हद्दीत कड्याखाली पर्यटकांना घेऊन उडण्यास बंदी आली. आज ‘दरीच्या तळाशी उतरा’ अशी जाहिरात असलेल्या सहली पश्चिमेकडील ह्वालापाय जमातीच्या भूमीवर उतरतात. वार्षिक उड्डाणसंख्येच्या मर्यादेतूनही त्या वगळलेल्या आहेत, कारण जमातीचे उत्पन्न या पर्यटनावर अवलंबून आहे. ही सवलत अन्यायाची म्हणता येणार नाही. पण २०१८ चा अपघात याच पट्ट्यात झाला, हेही विसरता येत नाही.

चौकशी आणि नियम यांच्यातील अंतर अ‍ॅशबर्नला परिचित असायला हवे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या येथील आवारात राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे प्रशिक्षण केंद्र २००३ मध्ये उघडले. १९९६ मध्ये लाँग आयलंडजवळ कोसळलेल्या टीडब्ल्यूए ८०० विमानाचा जोडून उभा केलेला सांगाडा तेथे २०२१ पर्यंत अन्वेषकांना शिकवण्यासाठी वापरला जात होता. त्या २३० बळींमागचे कारणही इंधनटाकीतील स्फोटच होते. टाकीतील ज्वालाग्राही वाफेबाबतचा नियम पक्का व्हायला २००८ उजाडले. मंडळ शिफारस करते. सक्ती करण्याचा अधिकार विमान वाहतूक प्रशासनाचा, आणि तेथे खर्चाचा हिशेब आडवा येतो.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे बेल-४०७ गौरीकुंडाजवळ कोसळले. सात मृतांमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे पती-पत्नी आणि त्यांची लहान मुलगी होती. तेथेही हंगाम थोडा, गर्दी मोठी, हवामान क्षणात पालटणारे आणि फेऱ्या वाढवण्याचा दबाव सततचा. केदारनाथची वारी हेलिकॉप्टरने करून आलेले आईवडील लास व्हेगासचे तिकीट सहज स्वीकारतात, यात नवल नाही.

जुलैतच जाणे भाग असेल, तर पहाटेचे पहिले उड्डाण घ्यावे. हवा थंड व शांत असते. शाळेची अडचण नसलेल्यांना ऑक्टोबर किंवा एप्रिल बरा. तिकीट काढण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत: ज्या हेलिकॉप्टरात बसायचे, त्याला आघात सोसणारी टाकी आहे का? आणि वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे पूर्ण परत मिळतात का? दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण पैसे अडकलेला प्रवासी ‘आता जाऊ या’ म्हणतो आणि त्याचे ओझे वैमानिकावर पडते. उत्तरे टोलवली गेली, तर दक्षिण कड्यावरील मॅथर पॉइंट आहेच. तेथे चाकाच्या खुर्चीतून जाता येते आणि उद्यानाची बस फुकट नेते.