चुंबकाने मायलेज वाढते म्हणे! आधी मोजून दाखवा

मागच्या पावसाळ्यात उत्तर नागपुरातल्या एका विहारात रविवारची वंदना संपल्यावर एक तरुण उभा राहिला. गळ्यात निळा दुपट्टा, हातात काळी प्लास्टिकची डबी. आपल्या लोकांनी नोकरीच्या मागे न लागता धंद्यात उतरले पाहिजे, इथून त्याने सुरुवात केली आणि डबीवर आला. डबीत चुंबक आहे, ती गाडीच्या पेट्रोलच्या नळीला बसवायची, मायलेज वीस टक्के वाढते. किंमत अठराशे रुपये. अर्ध्या तासात सात डब्या खपल्या. घेणाऱ्यांत पाच जण घरोघर जेवणाची पार्सले पोहोचवणारी पोरे होती, दोघे ऑटोवाले. आम्ही तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो. आपल्याच माणसाचा धंदा, भर विहारात त्याला कशाला तोडायचे, असे वाटले. ते गप्प राहणे चूक होते.

आधी घेणाऱ्यांची बाजू समजून घेऊ, कारण त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. पार्सलवाला पोरगा दिवसाला १२० किलोमीटर गाडी चालवतो. लिटरला ५० मिळतात असे धरले तर रोज २.४ लिटर, म्हणजे आजच्या भावाने अडीचशे रुपये. महिन्याचे २६ दिवस धरा, साडेसहा हजार रुपये पेट्रोलमध्ये जातात आणि ते सगळे त्याच्या खिशातून. मायलेज वीस टक्के वाढले तर महिन्याला हजाराच्या वर वाचतील, दोन महिन्यांच्या आत डबी फुकट पडेल. हे गणित त्याने वहीत मांडूनच डबी घेतली आहे. गणित बरोबर आहे. त्यातला वीस हा आकडा तेवढा खोटा आहे.

विक्रेत्यांचे शास्त्र असे: पेट्रोलचे रेणू झुबक्याने वाहतात म्हणून ते पूर्ण जळत नाही, चुंबक झुबके फोडतो, मग थेंब न् थेंब जळतो. ऐकायला शास्त्रीय वाटते. पण पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांचे मिश्रण आहे. लोखंडाच्या किसासारखे ते चुंबकाला ओळखत नाही. क्षणभर मानू की ओळखते. तरी पुढचा प्रश्न राहतो, आज न जळता वाया जाते ते किती? धड असलेल्या इंजिनात जवळजवळ सगळे पेट्रोल जळतेच, न जळलेले धुराड्यातून जाते ते शंभरात दोन भागांच्या आसपास किंवा त्याहून कमी. ते सगळेच्या सगळे जाळून दाखवले तरी पन्नासचे एक्कावन्न होतील. साठ कुठून होतील? आणि खरोखरच वीस टक्के पेट्रोल न जळता बाहेर पडत असते तर ती गाडी पीयूसीच्या तपासणीत एकदाही पास झाली नसती.

मग उरलेली शक्ती जाते कुठे? उष्णतेत. पेट्रोलमधल्या शक्तीपैकी साधारण पाव भाग चाकापर्यंत पोहोचतो, बाकीची सायलेन्सरमधून आणि तापलेल्या इंजिनातून हवेत जाते. ती उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राची मर्यादा आहे, नळीला बाहेरून काही बांधून ती हटत नाही. बाजारातल्या इतर वस्तूंचेही असेच. पाण्यापासून हायड्रोजन बनवून इंजिनात सोडणारी किट घ्या. पाणी फोडायला वीज लागते, ती गाडीच्याच अल्टरनेटरमधून येते, अल्टरनेटर इंजिनच फिरवते, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी शक्ती वाया जाते. म्हणजे आपल्याच खिशातली नोट दुसऱ्या खिशात टाकायची आणि मधे कोणाला तरी कमिशन द्यायचे. चारचाकीच्या सॉकेटमध्ये खोचायच्या ‘चिप’चे तर बोलायलाच नको. लोकांनी त्या उघडून पाहिल्या, आत दिवे लुकलुकवणाऱ्या सर्किटापलीकडे काही निघाले नाही.

हे नुसते आमचे तर्क नाहीत. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए हिने १९७० च्या दशकापासून अशी शंभराहून जास्त उपकरणे तपासली. त्यात इंधनाच्या नळीला लावायची चुंबकेही होती. मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही सापडले नाही. मोजक्या एक-दोन प्रकारांत किरकोळ फायदा दिसला, उदाहरणार्थ वेग घेताना एसी आपोआप बंद करणारे यंत्र. त्यात जादू कसली, एसी हाताने बंद केला तरी तेच होते.

‘साखळी पद्धतीने’ विकण्याचा प्रकारही जुनाच आहे. टेक्सासमध्ये २००६ साली बायोपरफॉर्मन्स नावाच्या कंपनीवर तिथल्या ॲटर्नी जनरलने खटला भरला. ती टाकीत टाकायच्या गोळ्या विकत होती, तुम्ही घ्या, चौघांना विका, कमिशन मिळवा, असा धंदा. गोळीत निघाले नॅफ्थलीन. आपण कपाटात कपड्यांमध्ये ठेवतो त्या डांबराच्या गोळीतले.

आता एक युक्तिवाद, जो आपल्या तरुणांना सर्वांत जास्त पटतो. ‘हे शोध मोठ्या तेल कंपन्यांनी दाबून ठेवले आहेत.’ आपल्याला हे पटते कारण दाबले जाणे म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. आपला इतिहास दाबला, आपले साहित्य दाबले. विक्रेता नेमकी हीच जखम ओळखून बोलतो. पण जरा थांबा. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त परदेशातून डॉलर मोजून आणतो. वीस टक्के पेट्रोल वाचवणारे चुंबक असते तर कोणत्याही पक्षाच्या सरकारने ते रातोरात सक्तीचे केले असते. दुचाकी कंपन्या लिटरमागे दोन किलोमीटर जास्त दाखवण्यासाठी एकमेकींशी जाहिरातीत भांडतात, त्यांतली एकही पन्नास रुपयांचे चुंबक कारखान्यातच बसवून बाजार मारत नाही, हे कसे? दाबणारा कोण, त्याचा फायदा काय, पुरावा कुठे, हे आपण इतिहासाबद्दल बोलताना दाखवतो. इथेही मागावे.

दुसरा युक्तिवाद, ‘मला अनुभव आला आहे.’ बाबा-बुवाचा भक्तही हेच सांगतो, आणि तेव्हा आपण त्याला ऐकून घेत नाही. कालाम सुत्त आपण धम्मवर्गात शिकवतो, आणि विहाराबाहेर गाडीला डबी बांधतो!

अनुभव खोटा असतो असे नाही, तो मोजलेला नसतो. डबी घेतलेल्या एका पोराला आम्ही विचारले, तर तो म्हणाला, "दादा, गाडी एकदम हलकी चालून राहिली." आम्ही म्हटले, मोजू या. तो तयार झाला. एकच पंप, गाडी मधल्या स्टँडवर, टाकी त्याच खुणेपर्यंत भरायची, साडेतीनशेच्या वर किलोमीटर झाले की पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. अशा सहा फेऱ्या. त्यांतल्या तीन फेऱ्यांत आम्ही डबीतले चुंबक काढून घेतले आणि रिकामी डबी परत बांधली. कोणत्या फेरीत चुंबक आहे ते चिठ्ठ्या टाकून ठरवले, त्याला सांगितले नाही. चुंबकासह आकडे आले ५१.८, ४९.६ आणि ५२.४. रिकाम्या डबीने ५०.३, ५२.९ आणि ५१.१. आणि ‘आता तर लईच भारी चालून राहिली’ असे तो ज्या फेरीत म्हणाला, त्या फेरीत डबी रिकामी होती.

एका गाडीच्या सहा फेऱ्या म्हणजे संशोधन नव्हे, हे आम्हालाही कळते. दोन टक्क्यांचा फरक असता तर आम्हाला सापडलाही नसता. पण दावा वीस टक्क्यांचा आहे. पन्नासचे साठ होत असतील तर ते सहा फेऱ्यांत लपत नाही. शिवाय दोन फेऱ्यांत काहीही न बदलता तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो, हे ज्याने कधी मोजलेच नाही त्याला पहिली चांगली फेरी म्हणजे चुंबकाची करामत वाटणारच. त्यात डबी बसवताना मेकॅनिक एअर फिल्टर साफ करतो, चेन ओढतो, हवा भरतो. आणि अठराशे रुपये दिलेला माणूस पुढचा आठवडाभर हळूच ॲक्सिलरेटर पिळतो. मायलेज वाढलेच तर ते त्याच्या मनगटाने वाढवलेले असते, श्रेय डबी घेते.

खरोखर उपयोगाचे ते फुकट आहे: टायरमध्ये बरोबर हवा, ४५ ते ५५ चा वेग, लांब सिग्नलला इंजिन बंद. सरकारची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून हेच सांगत आली आहे. पण ज्याला वीस-पंचवीस मिनिटांत पार्सल पोहोचवायचे आहे त्याला ४५ च्या वेगाचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. अनेकांचे मायलेज खरेच थोडे उतरले आहे. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज तीन-चार टक्के आणि चारचाकींचे सहा-सात टक्के घटेल असा अंदाज होता. भाव मात्र त्या प्रमाणात उतरला नाही. ही घट चुंबकाने भरून निघत नाही. भावाबद्दल आणि पेट्रोल कोणाच्या खिशातून जाते त्याबद्दल बोलूनच ती भरून निघेल. गाडी पोराची, पेट्रोल पोराचे, अपघात पोराचा, आणि कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. लिटरमागे दहा किलोमीटर वाढवण्याचे स्वप्न विकत घेतले की किलोमीटरमागे दोन रुपये वाढवून मागण्याचा प्रश्न मागे पडतो. डबीवाल्यापेक्षा याची जास्त सोय कोणाला आहे, ते सांगायला नको.

आणि डबीवाला कोण? तोही आपलाच. आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा कळले की त्याने दहा डब्यांच्या ‘किट’साठी बारा हजार रुपये भरले आहेत, आईच्या बचतगटातून कर्ज काढून. सात विकल्या, तीन घरात आहेत, आणखी चौघांना साखळीत आणल्याशिवाय कमिशन नाही. वरच्या माणसाचा फोन आता लागत नाही. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार सामील होण्यासाठी पैसे घेणे आणि पिरॅमिड पद्धतीची साखळी चालवणे या दोन्हींवर बंदी आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही त्या रविवारी सांगितले नाही.

ज्या सात जणांनी डब्या घेतल्या ते ग्राहक आहेत. खोटा दावा करून वस्तू विकणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथा आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. अडचण एवढीच की तक्रार आधी त्या पोरावर येते, कारण विकणारा तोच. यावर आमच्यात दोन बैठका भांडणात गेल्या. काहींचे म्हणणे, त्याने पैसे परत करावेत, विषय संपवावा. तो कुठून करणार? शेवटी ठरले की मुख्य विरुद्ध पक्ष बनवणारी कंपनी असेल आणि त्याने आपल्याला काय सांगून डब्या दिल्या गेल्या ते लिहून द्यावे. तो तयार आहे. सातांपैकी एकाकडेही बिल नाही, पण पैसे मोबाइलवरून गेले आहेत, त्याच्या नोंदी आहेत.

येत्या रविवारी वंदनेनंतर सगळे त्या नोंदी घेऊन बसणार आहेत. अशी डबी, गोळी किंवा चिप घेतलेले आणखी कोणी असेल त्यानेही यावे. ज्याला अजून वाटते की त्याची चालते, त्याने गाडी घेऊन यावे. चिठ्ठ्या आणि रिकामी डबी आमच्याकडे आहे.

जयभीम.